ओल्या रंगाचे तास

१. किती येतात आणि किती अडकतात

दसरा उलटला की घरोघरी रंगकाम निघतं आणि त्यासोबत दरवर्षी तोच प्रश्नही निघतो. संध्याकाळी रंगारी दुसरा हात मारून जातो, आणि सकाळी बघावं तर नव्या कोऱ्या भिंतीत चिलटं, डास, हिरवे तुडतुडे पंखांसकट रुतून बसलेले. मग जो तो विचारतो, रंगात काय मिसळलं म्हणजे किडे भिंतीवर बसणार नाहीत? सल्ल्यांना तोटा नसतो. कापराच्या वड्या कुटून घाला, कडुनिंबाचं तेल घाला, सिट्रोनेलाचे थेंब टाका. शेती असलेल्या घरात तर फवारणीच्या औषधाचं झाकणही डब्यात रिकामं होतं. या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे किड्याला भिंतीपासून लांब ठेवणं हेच आपलं काम आहे. मला ते गृहीतकच चुकीचं वाटतं. किडे भिंतीवर वर्षभर बसतात आणि उडून जातात. त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. तक्रार सुरू होते ती बसलेल्या किड्याला उठता आलं नाही म्हणजे. तेव्हा विचार करायचा तो दोन प्रकारच्या तासांचा, भिंत चिकट असण्याच्या आणि किडे उडण्याच्या. या दोहोंची गाठ पडू दिली नाही, तर रंगात काहीही मिसळावं लागत नाही.

साधा हिशेब करून पाहू. आकडे केवळ हिशेबापुरते धरलेले आहेत. बारा बाय दहा फुटांच्या एका भिंतीवर दिवेलागणीनंतर तासाला ३० किडे टेकतात आणि दिवसाउजेडी तासाला २, असं समजा. या भिंतीला ऑइल पेंट दिला आणि तो सहा तास चिकट राहिला. काम संध्याकाळी सहाला संपलं असेल तर मध्यरात्रीपर्यंत १८० किडे अडकतील. रंगात मिसळलेल्या एखाद्या पदार्थाने निम्मे किडे खरोखरच पळवले, तरी ९० उरतातच. तेच काम सकाळी नऊला संपवलं तर दुपारी तीनपर्यंत १२ किडे अडकतील, तेही काहीही न मिसळता. ऑइल पेंटऐवजी अर्ध्या तासात वाळणारं इमल्शन सकाळी लावलं तर एखादाच. पळवून लावण्याचा उपाय फार तर निम्म्यावर आणतो, वेळ बदलण्याचा उपाय पंधरा पटींनी कमी करतो. आता हे दोन्ही तास कशावर अवलंबून असतात ते पाहू.

२. भिंत किती वेळ चिकट असते

‘रंग वाळला’ असं आपण सरसकट म्हणतो, पण वेगवेगळे रंग अगदी वेगवेगळ्या रीतीने वाळतात. इमल्शन म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण आणि रंगद्रव्य. त्यातलं पाणी काही हवेत उडतं, काही भिंत शोषते. पाणी गेलं की ते कण एकमेकांना भिडतात आणि एकजीव होऊन पातळ पापुद्रा बनतो. कोरड्या हवेत अर्ध्यापाऊण तासात हात लावण्याजोगी भिंत होते. ऑइल पेंटचं तसं नाही. त्यातलं टर्पेंटाइन उडून जाणं हा फक्त पहिला टप्पा असतो. त्यानंतर रंगातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन रासायनिक क्रियेने घट्ट होत जातं. ही क्रिया वरून आत चालते, तापवून निवत ठेवलेल्या दुधावर आधी साय धरते तशी; वरचा थर धरलेला दिसतो तेव्हाही आतला रंग मऊच असतो. म्हणून ऑइल पेंट हाताला न लागण्याइतपत वाळायला चारपाच तास किंवा जास्तही लागतात, आणि नीट कडक व्हायला रात्र जाते. रंगारी घाई करून जाड हात मारतो तेव्हा ही सगळी वेळ आणखी लांबते.

दमट हवेत दोन्ही रंग रखडतात. हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर इमल्शनमधलं पाणी उडून जाणार कुठे? सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंगकाम करू नये, असा नेहमीचा संकेत आहे, आणि कोकणात पावसाळ्यातले कित्येक दिवस त्या रेषेच्या वरच असतात. चुन्याची सफेदी मात्र या सगळ्यात निराळी. तिच्यातलं पाणी भिंत चटकन ओढून घेते, आणि डिंक किंवा सरस घातलेला नसेल तर चुन्यात चिकट असं काही नसतंच. चुना मारलेल्या घरात किडे येत नाहीत ही जुनी समजूत चुन्याच्या दाहक गुणाला श्रेय देते. त्यात थोडं तथ्य असेलही, पण चुन्याच्या भिंतीवर किडे दिसत नाहीत याचं अधिक साधं कारण म्हणजे ती त्यांना धरूनच ठेवत नाही.

३. किडे भिंतीकडे येतात की दिव्याकडे

दिवसा खोलीत उभं राहून पाहिलं तर सर्वांत उजळ जागा खिडकी असते. उजेडाच्या दिशेने जाणारा किडा त्या वेळी आतून बाहेर जातो. सूर्य मावळला, खोलीत दिवा लागला की दिशा उलटते. आता बाहेर अंधार आणि आत उजेड, आणि खिडकी हीच आत यायची वाट. रंगकामाच्या वेळी ही वाट सताड उघडी असते, कारण वास जायला हवा असतो. पडदे काढलेले असतात, जाळ्या उतरवलेल्या असतात, आणि हात नीट बसतोय का ते दिसावं म्हणून नेहमीपेक्षा प्रखर दिवा लावलेला असतो. किड्यांना बोलावण्याची इतकी चोख व्यवस्था मुद्दाम करायची म्हटलं तरी जमणार नाही. खरं तर ती मुद्दाम केलीही जाते. पतंगांचा अभ्यास करणारे लोक रात्री उघड्यावर पांढरी चादर ताणून बांधतात, तिच्यासमोर दिवा लावतात आणि चादरीवर बसणाऱ्या पतंगांची नोंद करतात. त्यांच्या चादरीत आणि रंगाऱ्याच्या हॅलोजनसमोरच्या भिंतीत फरक एवढाच, की चादरीवरचा पतंग पहाटे उडून जातो.

दिव्याकडे किडे का येतात याचं एक जुनं उत्तर असं होतं, की ते चंद्राच्या आधाराने दिशा ठरवतात आणि दिव्यालाच चंद्र समजतात. २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात इम्पीरियल कॉलेज लंडन आणि फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी इथल्या संशोधकांनी वेगळं उत्तर मांडलं. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपल्यावर दिसलं, की किडे दिव्यावर सरळ झेप घेत नाहीत. ते आपली पाठ दिव्याकडे वळवतात. लक्षावधी वर्षं रात्रीसुद्धा जमिनीपेक्षा आकाशच उजळ राहिलं आहे, त्यामुळे उजेडाकडे पाठ ठेवली म्हणजे शरीर आपोआप सरळ राहतं. दिवा बाजूला असेल तर मात्र हीच सवय घात करते. शरीर कलतं, वाट वळत जाते आणि किडा दिव्याभोवती घिरट्या घालत राहतो. जमिनीवर पांढरं कापड पसरून ते उजळवलं तेव्हा किडे उलटे होऊन खाली कोसळले. सगळ्याच जातींना हे लागू पडत नाही. कण्हेरीवर वाढणारा हॉक मॉथ आणि फळांवरची माशी त्याला अपवाद निघाले. आपल्या प्रश्नापुरता अर्थ एवढाच, की दिव्याजवळच्या भिंतीवर आदळणाऱ्या बहुतेक किड्यांना भिंतीशी काही देणंघेणं नसतं. त्यांचा तोल दिव्याने घालवलेला असतो आणि भिंत मध्ये येते. त्यामुळे भिंतीचा वास किंवा चव बिघडवून त्यांना अडवण्याची आशाच मुळात लंगडी आहे.

दिव्यादिव्यांतही फरक असतो. किड्यांचे डोळे अतिनील, निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला जास्त संवेदनशील असतात. म्हणून ज्यांच्या प्रकाशात अतिनील आणि निळा भाग अधिक, ते जुने पाऱ्याच्या वाफेचे दिवे आणि थंड पांढऱ्या ट्यूब यांच्याकडे गर्दी जास्त होते, पिवळसर एलईडीकडे कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. पिवळा दिवा लावून संध्याकाळी ऑइल पेंट मारणं ही अर्धवट सावधगिरी झाली.

ऋतूचंही एक दुर्दैव आहे. आपलं रंगकाम दिवाळीपूर्वी निघतं आणि नेमका तोच काळ भात पिकण्याचा. भातावरचे हिरवे तुडतुडे या दिवसांत संख्येने वाढलेले असतात आणि दिवे लागले की झुंडीने येतात. बंगालात कालीपूजेच्या सुमारास येणाऱ्या या किड्यांना श्यामापोका म्हणतात, म्हणजे सणाशी त्यांची सांगड तिथे नावातच आहे. कोकणात भातखाचराला लागून असलेल्या घरांना ऑक्टोबरातल्या संध्याकाळी वेगळं काही सांगायला नको. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते, तीही दिवेलागणीलाच. पण त्या दिवसांत शहाणा माणूस रंग काढत नाही.

४. रंगाच्या छटेचा दोष किती

यावर एक रास्त आक्षेप येतो. दिव्याचं राहू द्या, काही किडे दिवसाही येतात आणि पिवळ्या भिंतीवर जास्त येतात, त्याचं काय? हे खरं आहे. मावा, पांढरी माशी यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना पिवळा रंग ओढतो, कारण कोवळ्या पालवीचा जो प्रकाश त्यांच्या डोळ्यांना खुणावतो तोच पिवळ्यात अधिक जोरकस असतो. म्हणून तर महाराष्ट्रात कपाशीपासून भाजीपाल्यापर्यंत शेतांत पिवळे चिकट सापळे टांगतात, आणि फुलकिड्यांसाठी निळे. विकतचे सापळे नसतील तर शेतकरी पत्र्याला पिवळा रंग देऊन त्यावर एरंडेल किंवा ग्रीस चोपडतात. शेतालगतच्या घराची पिवळी, ओली ऑइल पेंटची भिंत म्हणजे तोच पत्रा, फक्त कितीतरी पट मोठा. पांढऱ्यातही भेद आहे. आजच्या पांढऱ्या रंगांतलं टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण शोषून घेतं, चुना ते परतवतो. आपल्याला सारख्याच दिसणाऱ्या दोन पांढऱ्या भिंती किड्यांना सारख्या दिसत नाहीत.

छटेपेक्षाही कमी चर्चा होते ती चकाकीची. पाण्याचा पृष्ठभाग प्रकाश एका विशिष्ट प्रकारे परावर्तित करतो. परावर्तित लहरींची कंपनं मुख्यतः एकाच दिशेत असतात. त्याला ध्रुवीकरण म्हणतात, आणि पाण्यात अंडी घालणारे कित्येक किडे पाणी ओळखतात ते याच खुणेवरून. बुडापेस्टमधले गाबोर होर्वाथ आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं, की डांबरी रस्त्यालाही हे किडे पाणी समजतात आणि त्यावर अंडी घालतात. चकचकीत मोटारी आणि काचेच्या इमारतीही त्यांना फसवतात. ओला ऑइल पेंट हा घरातला सर्वांत चकचकीत पृष्ठभाग, आणि सर्वांत उशिरा वाळणाराही तोच. तलाव किंवा संथ नदी जवळ असेल तर दारं, ग्रिल आणि गेट यांवर जो किड्यांचा थर दिसतो, त्यामागे ही दोन्ही कारणं असू शकतात.

म्हणून पिवळा रंग टाळावा का? मला तसं वाटत नाही. भिंतीचा रंग आपण सातआठ वर्षांसाठी निवडतो आणि ती चिकट असते ती काही तास. त्या काही तासांसाठी आवडता रंग सोडणं हा फार महागडा सौदा आहे. पिवळा निवडावा आणि तो इमल्शनमध्ये निवडावा.

५. रंगातच औषध घातलं तर

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण भिंतीवरचं विष किडे मारतं याला इतिहासाची साक्ष आहे. कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ साली तांबं आणि आर्सेनिक यांपासून एक सुंदर हिरवा रंग बनवला. पुढे १८१४ च्या सुमारास त्याहून टिकाऊ भाऊबंद आला, तो पॅरिस ग्रीन. युरोपातल्या दिवाणखान्यांच्या भिंती या हिरव्याने सजल्या आणि घरातली माणसं आजारी पडू लागली. हा रंग किती विषारी आहे ते कळल्यावर त्याला नवं काम मिळालं. १८६० च्या दशकात अमेरिकेत बटाट्यावरच्या भुंगेऱ्यांवर तो कीटकनाशक म्हणून वापरात आला आणि नंतर डासांच्या अळ्या मारण्यासाठीही. रंग आणि कीटकनाशक एकाच डब्यात असणं कसं असतं ते जगाने पाहिलेलं आहे.

दुसरी साक्ष डीडीटीची. पाउल म्युलर यांनी त्याचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये ओळखला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हाच्या मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ पासून कारवार आणि धारवाड भागांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून हिवतापाला आळा घातला. १९५३ मध्ये देशव्यापी कार्यक्रम आला. दर चौरस मीटरला एक ग्रॅम एवढी मात्रा पुरे होई. पण ते कसं काम करतं हे नीट पाहिलं, तर आपल्या प्रश्नाला ते लागू पडत नाही. रक्त पिऊन जड झालेला डास कोरड्या भिंतीवर विसावतो, त्याच्या पायांना भिंतीवरचा कण लागतो आणि नंतर तो मरतो. काही डास अशा घरात शिरायचंच टाळतात हे खरं, पण मुख्य मार बसल्यानंतरचा असतो. ओल्या भिंतीवर टेकलेला किडा विष चढायच्या आधीच अडकलेला असतो. मेलेला काय किंवा जिवंत काय, भिंतीवर तो सारखाच दिसणार. शिवाय डीडीटी भिंतीच्या वर राहील तोवरच चालतं. फवारलेल्या भिंती लोकांनी पुन्हा लिंपल्या की ते खाली गाडलं जाई, म्हणूनच फवारणीनंतर लिंपू नका असं सांगावं लागे. रंगात मिसळलेलं औषध तर जन्मापासूनच गाडलेलं असतं. ही अडचण ओळखून स्पेनमधल्या पिलार मातेओ यांनी कीटकनाशक सूक्ष्म कोशांत भरून हळूहळू बाहेर पडेल असा रंग तयार केला आणि बोलिव्हियात ढेकणांच्या जातीतल्या किड्यांमुळे होणाऱ्या शागास रोगाविरुद्ध तो वापरला. तो रंगही वाळल्यानंतर काम करण्यासाठी आहे, वाळेपर्यंतच्या तासांसाठी नाही.

आता घरगुती मिश्रणांकडे येऊ. सिट्रोनेला आणि कापूर हवेत उडून जातात, आणि जे उडतं ते संपतं. अंगाला लावलेलं सिट्रोनेलासुद्धा फार वेळ टिकत नाही. कडुनिंबाच्या तेलाची गोष्ट अधिक बोधक आहे. ऑइल पेंटमध्ये मुळात असतात ती जवसासारखी हवेत सुकून कडक होणारी तेलं. कडुनिंबाचं तेल तसं सुकत नाही. ते मिसळलं की रंग जास्त वेळ चिकट राहतो, म्हणजे पहिल्या हिशेबातला चिकट तासांचा आकडा आपणच वाढवतो. इमल्शनमध्ये घातलं तर पाणी आणि तेल फाटून भिंतीवर डाग उमटतात. डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनची वाफ तान्ह्या बाळांना घातक ठरू शकते, विशेषतः ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असते त्यांना. आणि शेतीचं औषध निजायच्या खोलीच्या भिंतीत मिसळण्याबद्दल चर्चाच नको. कोणतं कीटकनाशक कुठे वापरायचं यासाठी १९६८ चा कायदा आहे तो उगाच नाही. डब्यावरच्या ‘अँटी-फंगल’ या शब्दानेही फसू नये. ते औषध बुरशीसाठी असतं.

६. कामाची मांडणी

वेळ बदला म्हणणं सोपं, पण रंगारी सकाळी दहाला येतो आणि दोन हातांच्या मध्ये वाळायला वेळ सोडावा लागतो. शेवटचा हात संध्याकाळी पडणारच, असं कोणी म्हणेल. खरं आहे. म्हणून दिवस लांबवायचा नाही, कामांचा क्रम बदलायचा. ऑइल पेंटची दारं, ग्रिल, चौकटी सकाळी पहिल्यांदा घ्यायच्या. इमल्शनचे हात दुपारी चारपर्यंत आटोपायचे. ऑक्टोबराच्या मध्यात पुण्यात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, म्हणजे भिंतीला दोन तास मिळतात. संध्याकाळसाठी लांबी भरणं, पुट्टी आणि तिची घासाई ठेवायची. पुट्टीत एखादा किडा अडकला तरी दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरखाली तो भुकटी होऊन जातो. प्रायमरलाही हेच लागू. एकूण, जे घासलं जाणार आहे ते संध्याकाळी, जे दिसणार आहे ते सकाळी.

खिडक्या बंद करून घेतल्या तर? किडे कमी येतील, पण हवा खेळणार नाही, रंग उशिरा वाळेल आणि टर्पेंटाइनची वाफ खोलीत कोंडून डोकी धरतील. त्यापेक्षा चौकटीवर बाहेरून मच्छरदाणीचं कापड ताणून लावावं. संध्याकाळी भिंत अजून ओली राहिलीच असेल तर त्या खोलीतला दिवा मालवावा आणि एक दिवा घराबाहेर, खिडकीपासून लांब, लावून ठेवावा. पंख्याचा झोत मात्र ओल्या ऑइल पेंटवर थेट सोडू नये. किडे उडतील, पण धूळ येऊन बसेल आणि वरचा थर आधी धरून आतला आणखी रखडेल. बाहेरच्या भिंतींना सावली बघत रंग द्यावा, सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची. उन्हात तापलेल्या भिंतीवर रंग लवकर वाळतो हे खरं, पण हात एकमेकांत मिसळायच्या आत वाळल्याने पट्टे उमटतात. पूर्वेची भिंत मग चारच्या आत आटोपावी लागते, आणि तेवढ्यात जमत नसेल तर ती दुसऱ्या दिवसावर ढकललेली बरी.

सगळं वाळून महिना झाल्यावर भिंतीवर फिरताना दिसणारे बारीक, फिकट, बिनपंखी किडे ही वेगळी तक्रार आहे. ते बहुधा ओल्या गिलाव्यावर धरलेली बुरशी खायला आलेले असतात. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला सुकायला तीनचार आठवडे न देता रंग चढवला, की ओल आत कोंडते आणि हे पाहुणे बाहेर दिसतात. त्यावर उपाय ओल घालवण्याचा, रंगाचा नाही.

७. चिकटलाच तर

एवढं करूनही काही किडे चिकटतील. हात मारून दोनचार मिनिटंच झाली असतील तर चिमट्याने किंवा ब्रशच्या टोकाने किडा उचलावा आणि त्याच ब्रशने वरून खाली एक हलका हात फिरवावा. रंग अजून वाहता असल्याने खूण मिटते. ती वेळ गेली असेल तर हात लावू नये. अर्धवट वाळलेल्या रंगातून किडा ओढला तर पाय आत राहतात, पापुद्रा निघतो आणि मोहरीएवढ्या डागाचा रुपयाएवढा होतो. फडक्याने पुसणं त्याहून वाईट. रात्र जाऊ द्यावी. इमल्शन पूर्ण वाळलं की कोरड्या मऊ ब्रशने बहुतेक किडे झडून जातात. ऑइल पेंट कडक झाल्यावर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने तेवढीच जागा हलकेच घासून, पुसून, त्याच डब्यातल्या रंगाने टचिंग करावं. त्यासाठी वाटीभर रंग झाकून ठेवायला रंगाऱ्याला आधीच सांगावं, कारण दुकानात पुन्हा मिसळून घेतलेली छटा बऱ्याचदा किंचित वेगळी येते. आणि टचिंगही सकाळीच करावं.